हात कुणासाठी धुवायचे?

4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी शिळफाट्याचे नाव देशभर पोचले. तोपर्यंत ते मुख्यतः मालमोटारी हाकणाऱ्यांच्या आणि वाहतूक पोलिसांच्या तोंडी असलेले नाव होते. जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणहून येणारा शीळ रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना भेटतात, तो हा फाटा. त्या संध्याकाळी तेथील लकी कंपाउंडमध्ये परवानगीवाचून, घाईघाईने उभी केलेली बहुमजली इमारत कोसळली. 70 हून अधिक माणसे दगावली आणि पुष्कळ जखमी झाली. ढिगारा उपसायला आधी शेजारपाजारचे लोक धावले, मग अग्निशमन दल, पोलीस आणि इतर पथके आली. विटा, सिमेंटचे तुकडे, लोखंडी सळ्या बाजूला सारून ज्या हातांनी माणसे बाहेर काढली, ते हात धुळीने आणि रक्ताने माखलेले होते. त्या हातांना स्वच्छतेचा जाब कोणी विचारला नाही आणि विचारूही नये. तेथे प्रश्न क्षणांचा होता.

मात्र जखमी माणूस रुग्णालयाच्या दारातून आत गेला की हातांचा अर्थ बदलतो. आता जखमेवर पडणारा प्रत्येक हात जीव वाचवणारा असू शकतो, तसाच तो नवा आजार देणाराही असू शकतो. जखम धुणारी परिचारिका, सलाइनची सुई टोचणारा निवासी डॉक्टर, चादर बदलणारी आया, स्ट्रेचर ढकलणारा कक्षसेवक, क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ आणि फेरीवर आलेले वरिष्ठ, अशा दहा-वीस जणांचे हात एका दिवसात त्या देहाला लागतात. त्यातले कोणते हात मागच्या खाटेवरून सरळ पुढच्या खाटेवर आले, हे पाहायला जखमी माणूस शुद्धीवर नसतो आणि त्याचे नातेवाईक औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली दुकानात गेलेले असतात.

रुग्णालयात माणूस एक आजार घेऊन जातो आणि कधी दुसराच घेऊन येतो, ही गोष्ट लोकांना ठाऊक नाही असे नाही. पण ती दैवाच्या खात्यावर टाकली जाते. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, पुढे ‘इन्फेक्शन’ झाले, असे घरचे लोक सांगतात आणि ऐकणारे मान डोलावतात. जणू इन्फेक्शन म्हणजे अवेळी आलेला पाऊस. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातील हिशेब असा आहे: तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना तेथे असतानाच किमान एक तरी संसर्ग होतो. अशा संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक मरण पावतो. मूत्रनलिका, शिरेत ठेवलेली सुई, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी आणि शस्त्रक्रियेची जखम या जंतूंच्या आत शिरण्याच्या चार मुख्य वाटा. चारही वाटा माणसाच्या हातांनीच उघडलेल्या असतात.

नवजात बालकांच्या कक्षात तर हा हिशेब अधिक क्रूर होतो. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या सुमारे साडेतेरा हजार अर्भकांपैकी 14 टक्क्यांना रक्तातील जंतुदोष झालेला आढळला. सापडलेल्या जंतूंत क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे प्रमुख होते. त्यांतील पुष्कळांवर भारी प्रतिजैविकेही चालेनाशी झाली होती. औषध बोथट झाले की उरतो तो जंतूला वाटेतच अडवण्याचा मार्ग. ती वाट बहुधा कुणाच्या तरी तळहातावरून आणि बोटांच्या टोकांवरून जाते.

मौज अशी, की हे ज्ञान नवे नाही. जंतू म्हणजे काय हे वैद्यकाला समजण्यापूर्वीच ते हाती आले होते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. एक दिवस या विभागात, दुसरा दिवस त्या विभागात, अशा पाळीने बायका दाखल होत. बाकी इमारत तीच, हवा तीच, अन्नही तेच. असे असून 1846 साली पहिल्या विभागात शंभरातल्या 11 हून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात तीनही नाही. शहरातल्या गरीब बायकांना हे आकडे माहीत नव्हते, पण अर्थ माहीत होता. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या गुडघे टेकून रडत. ज्यांची प्रसूती वाटेत रस्त्यावरच होई, त्यासुद्धा पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा अधिक संख्येने जगत.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर त्या विभागात साहाय्यक होता. गर्दी, हवा, आहार, धर्मगुरूची घंटा, एकेक कारण तपासून त्याने बाजूला टाकले. मार्च 1847 मध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का मरण पावला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या मृतदेहात जी लक्षणे दिसली, ती बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांत दिसणारीच होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात विच्छेदन करीत आणि तेथून सरळ प्रसूतिकक्षात येऊन स्त्रियांना तपासत. सुइणी शवागारात जात नसत. मृत्यू हातांवरून येत होता. मे महिन्याच्या मध्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याची भांडी दाराशी ठेवली आणि हात त्यात धुतल्यावाचून कोणी आत यायचे नाही असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शंभरातल्या 18 बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण 2 वर आणि जुलैमध्ये 1 च्या आसपास आले.

ही कथा पाठ्यपुस्तकांतून येते आणि बहुधा येथेच संपते. तिच्यातला पुढचा भाग अधिक बोधक आहे. ऑक्टोबर 1847 मध्ये पहिल्या विभागात पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव वाहत असलेली एक रुग्ण होती. फेरी नेहमी पहिल्या खाटेपासून सुरू होई. तपासणाऱ्यांनी आत येताना चुन्याच्या पाण्याने हात धुतले होते, पण दोन खाटांच्या मध्ये ते केवळ साबण वापरून पुढे जात होते. तिच्यानंतर तपासलेल्या 12 बाळंतिणींपैकी 11 गेल्या. त्या दिवसापासून सेमेलवाइसने दारापाशी एकदा हात धुणे पुरेसे नाही, प्रत्येक रुग्णानंतर धुतले पाहिजेत, असा नियम केला. पुढच्या वर्षी दोन महिने असे गेले, की त्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही. आजच्या रुग्णालयात सकाळी येताना आणि दुपारी डबा उघडताना जे मनःपूर्वक हात धुतात आणि मधल्या चाळीस खाटा तशाच पालथ्या घालतात, त्यांची चूक 1847 साली नोंदली गेलेली आहे.

सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या वरिष्ठांना रुचले नाही. रुग्णाला मारणारे हात आपलेच होते, हे मान्य करणे कोणत्याही सज्जन माणसाला जड जाते, आणि डॉक्टर सज्जनच होते. खुद्द सेमेलवाइसचा स्वभावही फटकळ. त्याने ग्रंथ लिहायला 1861 साल उजाडू दिले आणि मग विरोधकांना खुनी ठरवणारी उघड पत्रे लिहिली. 13 ऑगस्ट 1865 रोजी तो वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला, तोही जखमेतून रक्त दूषित होऊन. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

त्याच 1865 साली, 31 मार्चला, कल्याणच्या जोशांच्या घरातली यमुना जन्मली. शिळफाट्यावरून आज ज्या रस्त्याने कल्याण गाठता येते, त्याच कल्याणची ही मुलगी. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोश्यांशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर, ही बोच तिच्या मनातून गेली नाही. पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे: 1883 साली समुद्रप्रवास, 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक आणि ती स्वीकारण्यापूर्वीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यात झालेला अंत. तिच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. पदवीसाठी तिने लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मुलीने सातासमुद्रांपलीकडे जाऊन बाळंतिणीच्याच खोलीचा विचार केला.

त्या काळची बाळंतिणीची खोली कशी असे, हे जुन्या पिढीकडून ऐकलेले अनेकांना आठवेल. घरातली सर्वांत अंधारी, वारा नसलेली जागा. जुनी लुगडी, शेक-शेगडीचा धूर. दहा दिवसांची सोयेर. बाळंतीण आणि तिचे मूल यांना शिवणे निषिद्ध. शिवले तर शिवणाऱ्याने आंघोळ करायची. जिला इतर दिवशी ओसरीवरही येऊ दिले नसते अशी सुईण नाळ कापायला बोलावली जाई आणि काम झाल्यावर घरातील लोक स्वतःला शुद्ध करून घेत. पाण्याची, धुण्याची, शुद्धतेची येथे कमतरता नव्हती. फक्त दिशा उलटी होती. मूल शिवल्यानंतर आंघोळ होती. मुलाला शिवण्यापूर्वी हात धुणे नव्हते. स्पर्शाने आपण बाटू, ही भीती रक्तात मुरलेली होती. आपल्या स्पर्शाने समोरचा जीव जाईल, हा विचारच नव्हता.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा होई, कारण ती बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतर सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो. न उकळलेल्या पात्याने कापलेल्या नाळेतून किंवा तिच्यावर लावलेल्या राख-शेणातून त्याचे बीज आत जाते. ज्या घरांतली मुले त्या रात्रीनंतर दूध ओढेनाशी होत आणि आकडी येऊन जात, त्या घरांनी सटवाईला दोष दिला असेल तर त्यात नवल नाही. तिच्या हाती निदान लेखणी तरी होती.

ही सोयेर आता घराघरांतून बरीच गेली आहे. ती गेली कुठे, याचा शोध घेतला तर तिचा एक अंश रुग्णालयांत सापडेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग निश्चित केले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. सुई, नळी किंवा मलमपट्टी अशी निर्जंतुक क्रिया करण्यापूर्वी. रक्त, लघवी आदींशी संपर्क आल्यावर. रुग्णाला स्पर्श केल्यावर. आणि रुग्णाच्या खाटेला, वस्तूंना हात लागल्यावर. यांतले पहिले दोन प्रामुख्याने रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. उरलेले तीन करणाऱ्याच्या आणि इतरांच्या रक्षणासाठी. देशोदेशीच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा असे आढळले, की कर्मचारी स्पर्शानंतर हात धुतात त्या मानाने स्पर्शापूर्वी धुण्यात कमी पडतात. म्हणजे हा दोष केवळ भारतीय परंपरेचा नव्हे. स्वतःला घाण लागली असे वाटले की हात आपोआप नळाकडे जातो. दुसऱ्याला आपली घाण लागेल या जाणिवेने तो आपोआप जात नाही. ती जाणीव शिकवावी लागते आणि तिच्यासाठी सोय करावी लागते. मराठी भाषेलाही हात धुण्याचे फारसे कौतुक नाही. माणूस वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो, नाहीतर कुणाच्या तरी हात धुऊन मागे लागतो. दोन्हींत समोरच्याचे भले नाही.

रबरी हातमोज्यांचीही गत हीच. मोजा घातला की हात स्वच्छ झाला, अशी समजूत रूढ आहे. एकच मोजा घालून तीन खाटांवर काम करणारा माणूस स्वतः सुरक्षित असतो. त्या तीन रुग्णांच्या दृष्टीने मोजा आणि न धुतलेला हात यांत फरक नसतो.

रुग्णालयांच्या स्वच्छतेविषयी महाराष्ट्रात बोलले जात नाही असे नव्हे. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. शीळ-मुंब्रा परिसरातल्या गरिबांचे हे हक्काचे रुग्णालय. शासनाने चौकशी समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 अर्भके होती. त्यानंतर एका खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले आणि ते दृश्य राज्यभर पाहिले गेले. या मृत्यूंचा संबंध न धुतलेल्या हातांशी जोडणे अन्यायाचे होईल. तेथे गर्दी, उशिरा पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण, अपुरे मनुष्यबळ अशी अनेक कारणे पुढे आली. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की स्वच्छता म्हटले की राज्यकर्त्यांच्या आणि लोकांच्याही डोळ्यांपुढे फरशी, शौचालय आणि झाडू येतो. शौचालय स्वच्छ हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण अतिदक्षता कक्षातल्या बालकाला शौचालयात कोणी नेत नाही. त्याच्याकडे हात येतात. त्या हातांची तपासणी करण्यासाठी कोणताही खासदार येत नाही, आणि झाडू दिला तो ज्याच्या हाती द्यायला नको होता त्याच्या हाती. साबण मात्र कुणी दिला नाही.

मग परिचारिका आणि डॉक्टर हात का धुवत नाहीत? अज्ञान हे उत्तर सोयीचे असले तरी खोटे आहे. जीवशास्त्राच्या शालेय पुस्तकात जे आहे, ते परिचारिकेला ठाऊक नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे. उत्तर घड्याळात शोधले पाहिजे. साबण आणि पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या सामान्य कक्षात एका परिचारिकेकडे 40 रुग्ण असले आणि तिने औषध-इंजेक्शनाच्या एकाच फेरीत दोन रुग्णांच्या मध्ये एकदाच हात धुतले, तरी 40 मिनिटे केवळ धुण्यात जातात. बेसिन कक्षाच्या टोकाला असेल तर जाण्यायेण्याची निदान 20 मिनिटे वेगळी. एका फेरीला एक तास. पाळीत अशा फेऱ्या किती, नोंदवह्या किती, सलाइन संपल्याच्या हाका किती, याची बेरीज कोणत्याही कारकुनाने करून पाहावी. ही बाई नियम मोडते असे म्हणण्यापूर्वी, तो पाळण्याइतका वेळ तिला कोणी दिला आहे का, हे विचारणे न्यायाचे ठरेल.

आणि पाणी? शीळ, दिवा, डायघर या पट्ट्यातील पाण्याची ओरड जुनी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघून ठाण्याच्या खाडीखालून 7 किलोमीटर जाणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा याच शिळफाट्याशी जमिनीवर येतो. खाडीच्या तळाखालून रेल्वे नेण्याची विद्या या देशाला अवगत झाली, याचा अभिमान अवश्य वाटावा. त्याच वेळी त्या बोगद्याच्या तोंडाभोवतीच्या वस्तीत नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहिली जाते आणि टँकरवर दिवस काढणारी छोटी प्रसूतिगृहे पाणी जपून वापरतात. जगभरातील निम्म्या आरोग्यकेंद्रांत रुग्णाजवळ आणि शौचालयापाशी अशा दोन्ही ठिकाणी हात स्वच्छ करण्याची मूलभूत सोय नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2022 साली सांगितले. जेथे बेसिन आहे तेथेही त्याच्यावर साबणाची वडी पाण्यात भिजून लिबलिबीत झालेली असते आणि शेजारी खिळ्याला सर्वांचा मिळून एक टॉवेल लटकत असतो. असा टॉवेल म्हणजे धुतलेल्या हातांवर आधीच्या सर्वांची ठेव परत करण्याची व्यवस्था. हात धुऊन त्याला पुसण्यापेक्षा हवेत वाळवलेले बरे.

तिसरी अडचण कोणत्याही नळाने सुटणारी नाही. ती पदांच्या उतरंडीची आहे. वरिष्ठ डॉक्टर फेरीवर निघतात. मागे निवासी डॉक्टर, त्यांच्या मागे विद्यार्थी, बाजूला केस-पेपर धरलेली सिस्टर. पहिल्या खाटेवरच्या जखमेवरची पट्टी वर करून सर पाहतात आणि तोच हात दुसऱ्या खाटेच्या पोटावर ठेवतात. वीस जण हे पाहतात. सिस्टरला दिसते, कारण तिला सर्व दिसते. ‘सर, हात,’ एवढे दोन शब्द तिने उच्चारायचे असतात. तेवढेच कठीण असते. विद्यार्थी त्या दिवशी पोटाची तपासणी शिकतात आणि हेही शिकतात, की मोठ्या माणसाला हात धुवावे लागत नाहीत. परदेशी पाहण्यांतही डॉक्टरांचे हात परिचारिकांच्या हातांपेक्षा कमी वेळा धुतले जातात असे आढळले आहे. हाताखालची माणसे अधिक स्वच्छ असतात, याचे कारण त्यांच्याकडे पाहणारे कोणीतरी असते.

या तिन्ही अडचणींवर उपाय नाही असे नाही. जिनेव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली मोजणी केली तेव्हा आवश्यक प्रसंगांपैकी 48 टक्के वेळाच हात स्वच्छ केले जात होते. त्यांनी नवे बेसिन बांधत बसण्याऐवजी मद्यार्कयुक्त द्रावणाच्या बाटल्या खाटेपाशी आणि खिशात आणून दिल्या. भिंतींवर कर्मचाऱ्यांच्याच मदतीने तयार केलेली चित्रे लावली. रुग्णालयाच्या प्रमुखांनी ही मोहीम आपली मानली. 1997 पर्यंत 48 चे 66 टक्के झाले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण सुमारे 17 टक्क्यांवरून 10 टक्क्यांखाली आले. शंभर टक्के कोणीच हात धुतले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्येही माणसेच राहतात.

द्रावण हातावर चोळायला 20 ते 30 सेकंद पुरतात आणि चालत कुठे जावे लागत नाही. वरच्या हिशेबातला तास त्यामुळे 20 मिनिटांवर येतो. हात दिसण्याइतके मळलेले असतील, त्यांना रक्त वा विष्ठा लागली असेल, तर साबण-पाण्याला पर्याय नाही. इतर वेळी द्रावण पुरते. ते विकतच घेतले पाहिजे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कृतीप्रमाणे 10 लिटर द्रावणासाठी 96 टक्के शुद्धतेचा इथाइल मद्यार्क 8,333 मिलिलिटर, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिलिलिटर, ग्लिसरीन 145 मिलिलिटर आणि उरलेले उकळून गार केलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी लागते. भरल्यावर 72 तास ठेवायचे आणि मग वापरायचे. ग्लिसरीन म्हटल्यावर 1986 साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरिनाने घेतलेले बळी जुन्या वाचकांना आठवतील, म्हणून येथे फक्त तपासलेला मालच चालेल. बाकी मद्यार्काचा तुटवडा महाराष्ट्राला पडू नये. उसाच्या मळीपासून तो करणारे कारखाने राज्यभर आहेत आणि 2020 च्या साथीत त्यांतल्या अनेकांनी थोड्या आठवड्यांत हातांचे द्रावण बनवून दाखवले. त्या वर्षी कल्याण-डोंबिवलीत किराणा दुकानाच्या दारातसुद्धा बाटली टांगलेली होती. आज दुकानाच्या दारातली बाटली गेली, याला हरकत नाही. रुग्णालयातल्या खाटेपासची गेली असेल, तर मात्र ती साथ काहीही न शिकवता गेली.

ज्यांना हे श्रीमंत देशांचे चोचले वाटतात, त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील 39 गावांत साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, त्यावर औषध देणे, आणि अर्थात बाळाला हात लावण्यापूर्वी तो स्वच्छ करणे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. हे श्रेय एकट्या स्वच्छ हाताचे नाही. पण त्या घरांत नळ नव्हते, संगमरवरी बेसिन नव्हते आणि वरिष्ठांची फेरीही नव्हती. तसेच देशभर दाईंना आणि परिचारिकांना प्रसूतीच्या पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काही न लावणे. त्यांना गरोदरपणातील लशीची जोड मिळाली आणि 2015 साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. सटवाईच्या हातची लेखणी त्या वर्षी थोडी तरी काढून घेतली गेली.

केंद्र सरकारने 2015 सालीच ‘कायाकल्प’ योजना सुरू केली. तीत सरकारी रुग्णालयांना स्वच्छता आणि संसर्गनियंत्रणासाठी गुण व पारितोषिके मिळतात. हात धुण्याच्या सोयी आणि सवयी यांनाही तीत गुण आहेत. योजना चांगली आहे. मात्र परीक्षकांच्या दिवशी भरलेली बाटली आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री तीन वाजता भरलेली बाटली यांत अंतर असते. ते अंतर डॉक्टरांच्या खोलीत पडत नाही. भांडारात पडते. शनिवारी दुपारी कक्षातले द्रावण संपते. सिस्टर मागणीपत्र लिहिते. त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते, ती मिळते. भांडाराची किल्ली भांडारपालाकडे असते आणि तो सोमवारी येतो. सोमवारी कळते, की मागच्या तिमाहीची खरेदी लेखा विभागाच्या एका शेऱ्यावर अडली आहे आणि फाइल कारकुनाच्या टेबलावर डावीकडच्या गठ्ठ्यात, वरून चौथी आहे. त्या कारकुनाने आयुष्यात कधी रुग्णाला हात लावलेला नाही. शनिवार ते सोमवार त्या कक्षातल्या चाळीस जणांना जे हात लागले, त्यांत एक त्याचाही होता.